सकवारबाईंची सहीनिशी नापसंती

सकवारबाईंना लोक टरकून असत, पण ते त्यांच्या तोंडाला नव्हे. तोंडाच्या बाबतीत चामराजपेटेत त्यांच्यापेक्षा तिखट बाया गल्लीगल्लीत होत्या. लोक घाबरत ते त्यांच्या कारणांना. एखादी गोष्ट वाईट आहे एवढं म्हणून बाई कधी थांबल्या नाहीत. कुठं वाईट आहे, किती वाईट आहे आणि कशामुळं, हे सगळं सांगूनच पुढं सरकायच्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोशाबरोबर चटणी आली तर बाकीची गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गप खात. बाई मालकाला हाक मारत, "अण्णा, दाळं आजचं हाय, खोबरं कालचं हाय. दोघांचं जमंना झालंय बघ." आणि मालकही वरमून आत जाई, कारण खोबरं खरंच कालचं असे.

घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं बेंगळूरला आलेलं. तलवारी गेल्या, घोडे गेले, मराठी तेवढी चुलीपाशी राहिली. तीही कन्नडच्या शेजारानं इतकी मऊ झालेली, की पुण्याच्या माणसाला ती ऐकून आधी हसू येई आणि मग दर दुसऱ्या शब्दाला "काय म्हणालात?" असं विचारावं लागे.

वयाच्या विसाव्या वर्षी बाई येलहंक्याच्या वाटेवरच्या गजराच्या घड्याळांच्या कारखान्यात लागल्या. काम तपासणीचं. यंत्रावर तयार झालेली बारीक दातेरी चाकं, तांदळाच्या कणीएवढ्या पिना, त्यांची मापं घ्यायची आणि माप चुकलं असेल तर ट्रेला लाल चिठ्ठी लावायची. ही चिठ्ठी द्यायचीही एक रीत होती. तपासणी खात्याचे जुने प्रमुख अप्पासाहेब ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवत. चिठ्ठी ट्रेवर ठेवून पळायचं नाही. ज्यानं माल केला त्याच्या यंत्रापाशी जायचं, यंत्र थांबेपर्यंत उभं राहायचं आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. वर वस्तूचं नाव, मग माप, मग दोष, खाली तपासणाऱ्याची सही. त्याला पटलं तर त्यानं शेजारी 'मान्य' लिहून सही करायची. नाही पटलं तर त्याच्यादेखत पुन्हा मोजायचं.

"आणि शिव्या दिल्या तर?" नव्या सकवारबाईंनी विचारलं होतं.

"चहाच्या सुट्टीत ऐकायच्या," अप्पासाहेब म्हणाले. "मोजताना नाही."

तिसऱ्याच महिन्यात बाईंनी रघुजी नावाच्या टर्नरच्या दोनशे पिना नापास केल्या. रघुजी हट्टी. पुन्हा मोजायला लावल्या, तिसऱ्यांदाही लावल्या. दोनशेच्या दोनशे जाड निघाल्या. त्यानं दात खाऊन 'मान्य' लिहिलं आणि पुढच्या रविवारी आत्याला पुढं घालून मागणी घेऊन आला. "एवढं बघून बोलणारी बाई घरात असली तर निदान मागनं बोलणार न्हाई," हे त्याचं कारण. पस्तीस वर्षं दोघं एकाच कारखान्याच्या बसनं गेले-आले.

सत्त्याण्णव साली कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली. दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. रघुजींनी पहिल्याच आठवड्यात देवळाच्या कट्ट्यावर पत्त्यांचा अड्डा शोधला. सकवारबाईंना मात्र घर खायला उठलं. मोजायला काही नव्हतं. भाजीवाल्याचं वजन किती दिवस तपासणार?

दोन वर्षांनी, नव्व्याण्णवच्या सुरुवातीला, त्यांच्याच गल्लीत मोहनकुमारनं सायबर सेंटर काढलं. मोहनकुमार म्हणजे चार घरं सोडून राहणारा, बाईंना अक्का म्हणणारा मराठीच माणूस. आधी त्याचं शिंप्याचं दुकान होतं, आता शिलाईची मशिनं हलवून तिथं चार काँप्युटर मांडले होते. पहिल्या आठवड्यात काळं कुत्रं फिरकलं नाही, म्हणून त्यानं बाईंनाच खुर्चीत बसवलं.

"अक्का, हे बघा. 'ओसरी' म्हणून हाय. आपलीच मराठी मंडळी. बेंगळूरची, पुण्याची, अमेरिकेची. लिहायचं, लोकानी वाचायचं. इंग्लिश अक्षरात मराठी."

"लिहून काय मिळतं?"

"मोती!"

ओसरीवर खरोखरच मोती मिळत. कुणी पाककृती लिही, कुणी आठवणी, कुणी घरगुती उपाय. वाचणाऱ्याला आवडलं तर तो पांढरा मोती देई. जो आधी मोती देई त्यालाही, लेख पुढं चालला तर, वाटा मिळे. महिन्याच्या शेवटी ज्याच्याकडं मोती जास्त त्याला बक्षीस, कधी साडी, कधी मिक्सर. एक काळा मोतीही होता, नावडलेल्या लेखाला द्यायचा. त्यानं समोरच्याचे दहा पांढरे मोती जात. पण काळा मोती कुणी देत नसे. तशी रीतच पडून गेली होती. तुम्ही माझं छान म्हणा, मी तुमचं छान म्हणते. सगळ्या लेखांखाली 'मस्त!', 'अप्रतिम!', 'तोंडाला पाणी सुटलं!' असं लिहिलेलं. फोडणीच्या मिरचीचा ठसका या विषयावरच्या लेखाखालीसुद्धा 'तोंडाला पाणी सुटलं!' होतं.

सकवारबाई लिहू लागल्या. एका बोटानं, एक एक अक्षर शोधत, आठवड्याला एक. कारखान्याची बस. आईच्या हातचं अंबील. बाजारात पानं विकणाऱ्या बाईशी झालेलं बारा वर्षांचं भांडण. कागदावर आधी उतरवायची सवय नव्हती, थेट तिथंच. वाचणारे फार नव्हते, पण शिकागोची एक बाई लिहायची, "तुमची भाषा ऐकून माझी आजी आठवली." त्या दिवशी बाई रघुजींना दोन घास जास्त वाढायच्या. डिसेंबरपर्यंत चाळीस लेख झाले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासला, आता पहिल्यांदा स्वतःचा माल होता, आणि तो त्या काँप्युटरच्या आत होता.

त्याच डिसेंबरात ओसरीवर कुकरचा लेख आला.

लिहिणारी क्षमा. मूळची पुण्याची, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळं मारतहळ्ळीला आलेली, ओसरीची लाडकी लेखिका. तीन महिने ओळीनं बक्षीस तिचंच. लेखात लिहिलं होतं, कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की लगेच नवा आणू नका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं जा, त्या भोकात शिसं-कथलाच्या डाखाचा एक थेंब टाकून घ्या. दोन मिनिटांचं काम, वर्षभर बघायला नको. दोन दिवसांत साडेतीनशे मोती. सोळा बायकांनी खाली लिहिलेलं, 'आजच करून घेते!'

सकवारबाईंनी लेख दोनदा वाचला. मग पर्स उचलून घरी गेल्या. मत द्यायच्या आधी मोजायचं. बाजारातून सहा व्हॉल्व्ह आणले, तिघांतला मूळचा धातू काढून रेडिओवाल्याकडून डाख भरून घेतला, आणि कढईत तेल तापवून एक नवा-एक डाखाचा अशा जोड्या तीनदा तपासल्या. चौथ्या दिवशी ओसरीवर त्यांनी काळा मोती दिला आणि खाली लिहिलं:

"वस्तू: कुकरच्या व्हॉल्व्हला डाख. तपासणी: तेलात, तीन वेळा. दोष: मूळचा धातू लवकर वितळतो, तो वितळावा म्हणूनच घातलेला असतो. डाख फार उशिरा वितळतो. तोपर्यंत झाकण जागेवर राहणार नाही. निर्णय: नापसंत. तपासणारी: सकवारबाई रघुजी, चामराजपेट."

ओसरीवर असा गलका उठला की विचारू नका.

एकीनं लिहिलं, "किती ही नकारात्मकता!" दुसरी म्हणाली, "पटलं नाही तर पुढं जावं, काळा मोती कशाला?" तिसऱ्यानं, "हळुवारपणे, खासगीत सांगता आलं असतं." चौथीला वाटलं, बाई क्षमाच्या बक्षिसावर जळतात. व्हॉल्व्हबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वर आणखी एक झालं. बाईंच्या जुन्या लेखांना एकेक करून काळे मोती पडू लागले. कारखान्याच्या बसला पडला. अंबीलाला पडला. नाव नाही, कारण नाही.

"अंबीलात काय चुकलं?" बाई काँप्युटरच्या काचेला विचारत होत्या. "मीठ जास्त? सांग की! आंबट झालं? काळा दे, दहा दे, पण सांग की गे कशाला देतीस!"

"अक्का, ते मोती तुम्हाला न्हाईत, त्या व्हॉल्व्हला हाईत," मोहनकुमार म्हणाला. "तुमच्या काळ्या मोत्यानं तिचे गेले, तिला आधी मोती देणाऱ्यांचा पण वाटा गेला. म्हणून चिडलेत."

"मग व्हॉल्व्हवर बोला म्हण! माझ्या आईच्या अंबीलावर कशाला धुणं बडवालेत?"

सोमवारी ओसरीचे चालक शेषगिरी यांचं पत्र आलं. शेषगिरी जयनगरचे, सभ्य, गोड. पत्रही गोड. 'ओसरी हे कुटुंब आहे. कुटुंबात कटुता नको. आपण शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काळा मोती मागे घ्यावा आणि "कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता, क्षमस्व" एवढी एक ओळ लिहावी. अन्यथा नाइलाजाने आपले नाव आणि आपले सर्व लेखन काढून टाकावे लागेल.'

सर्व लेखन. म्हणजे चाळीसच्या चाळीस.

बाईंनी घरी येऊन रघुजींना सांगितलं. रघुजी पत्ते पिसत बसले होते.

"एक ओळ लिहून टाक की," ते म्हणाले. "एका ओळीनं काय झिजतंय?"

"तुमच्या दोनशे पिनांच्या वेळी मी म्हटलं असतं, दुखावायचा हेतू न्हवता, चालू द्या पिना, तर?"

"तर तेवढी घड्याळं बंद पडली असती, दुसरं काय."

"आणि मला घरी आणलं असतं?"

रघुजींनी पत्ते खाली ठेवले. "न्हाई," ते म्हणाले. "पण त्या चिठ्ठीची एक गोष्ट तू केली न्हाईस. हातात दिली न्हाईस."

बाई उभ्याच राहिल्या. हे मात्र खरं होतं. चिठ्ठी त्यांनी सगळ्यांसमोर भिंतीवर लावल्यासारखी लावली होती, जिनं माल केला तिच्या यंत्रापाशी गेल्या नव्हत्या. पस्तीस वर्षांत न केलेली चूक पहिल्यांदा झाली होती. दुसऱ्या कुणाला ती चूक वाटलीही नसती. बाईंनी त्याच वेळी ठरवलं.

क्षमाचं घर शोधणं अवघड नव्हतं. तिनंच आपल्या बाल्कनीवर लेख लिहिला होता, त्यात इमारतीचं नाव, समोरचं गणपतीचं देऊळ, सगळं होतं. बुधवारी सकाळी बाईंनी पिशवीत तीन नवे व्हॉल्व्ह, डाख भरलेले दोन आणि मोहरीची पुडी टाकली, हातानं चिठ्ठी लिहिली आणि मार्केटवरून मारतहळ्ळीची बस धरली. विमानतळ गेला, नीलगिरीची झाडं लागली, मग लाल मातीचे ढीग आणि अर्धवट रस्ता. उतरल्यावर एक ऑटोवाला म्हणाला, एवढ्यासाठी ऑटो कशाला, समोरच हाय. तेवढंच बरं झालं.

दार उघडलं ते तिशीच्या, सलवार-कमीज घातलेल्या मुलीनं. केसांना क्लिप, हाताला पीठ.

"क्षमा तूच नव्हं? मी सकवारबाई. ओसरीवरची."

मुलीचा चेहरा पडला. "तुम्ही... घरी आलात?"

"चिठ्ठी हातात द्यायची असते. माझं चुकलं, आधीच यायचं होतं. घे."

क्षमानं चिठ्ठी घेतली, वाचली आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "काकू, प्लीज. तुम्ही सगळ्यांसमोर मला इन्सल्ट केलंत, आता घरी येऊन परत तेच? तुम्हाला आवडलं नाही, ओके. पण एवढी मेहनत करून लिहिते मी. काहीतरी चांगलं बोलायचं ना आधी!"

"तुझा बाल्कनीचा लेख चांगला होता. मी मोती दिलता."

"मग?"

"मग व्हॉल्व्हचा नापास हाय. बाल्कनी चांगली म्हणून व्हॉल्व्ह पास करू? आत घेतीस का हितंच उभं करालीस? गॅस हाय न्हवं घरात?"

क्षमा बाजूला झाली. तिच्या ओट्यावर कुकर होताच. बाईंनी नजर टाकली. झाकणावरच्या व्हॉल्व्हमध्ये करड्या डाखाचा थेंब, चकचकीत.

"हेच वापरालीस?"

"दोन महिने. काहीही झालेलं नाही," क्षमा हट्टानं म्हणाली.

"कशाला होईल? शिटी नीट वाजती, तोवर व्हॉल्व्हला कामच न्हाई. शिटीत भाताचं शीत अडकल्यावर त्याचं काम. तेव्हा ते जळून भोक मोकळं व्हायला पायजे. कढई काढ. तेल स्वल्पच घाल."

"स्वल्प?"

"थोडं."

तेल तापू लागलं. बाईंनी तारेत अडकवून एक नवा व्हॉल्व्ह आणि एक डाखाचा, दोन्ही तेलात सोडले. वर मोहरीचे चार दाणे टाकले. "आता बघ. मोहरी तडतडायला किती ताप लागतो तुला ठाऊक हाय. रोज फोडणी करतीस."

दोघी कढईवर वाकल्या. दाणे गप होते. अजून एकही उडाला नव्हता, तेवढ्यात नव्या व्हॉल्व्हच्या मधला ठिपका हलला, फुगला, आणि चांदीच्या आसवासारखा तेलाच्या तळाशी घरंगळला. मधलं भोक मोकळं. डाखाचा व्हॉल्व्ह जसाच्या तसा. मग मोहरी तडतडली, एक दाणा क्षमाच्या मनगटावर उडाला. डाख हलला नाही.

"अजून ताप वाढव म्हणशील तर वाढवते," बाई म्हणाल्या. "पण ह्या तापाला आत वाफ असली तर झाकण ह्या खोलीत राहणार न्हाई. मी सांगते म्हणून पटवून घेऊ नगंस. दुसरा जोड आणलाय, तू स्वतः कर."

क्षमानं स्वतः केलं. तेच झालं. तिनं गॅस बंद केला.

"सही करतीस?" बाईंनी चिठ्ठी पुढं केली. "इथं, शेजारी. 'मान्य'."

"काकू, तुम्ही बरोबर असाल," क्षमा हळू आवाजात म्हणाली. "पण मी लेख काढला तर ज्यांनी मोती दिले त्यांचे सगळ्यांचे जातील. मला ओसरीवर उभं करणार नाहीत. इथं मी कुणाला ओळखत नाही. नवरा रात्री दहाला येतो. दिवसभर माझं बोलणं होतं ते तिथंच."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. हे दुःख त्यांना ओळखीचं होतं, दोन वर्षं त्यांनीही तेच सोसलं होतं. पण म्हणून माप बदलत नाही.

"तुझा कुकर तरी बदल," त्या म्हणाल्या. "हा नवा व्हॉल्व्ह तुला. चिठ्ठी ठेव. सही कधी करायची ते तुझं तू बघ." आणि चहा न घेता निघाल्या. क्षमानं दिला असता, पण दोघींनाही तो गोड लागला नसता.

गुरुवारी मोहनकुमारनं मनधरणी केली. "अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा. चाळीस लेख हाईत. सॉरी म्हणजे काय, बसमध्ये पाय लागला तरी म्हणतो आपण."

"पाय लागला तर चूक माझी असती. हितं पाय कुणाचा लागलाय?"

"मग निदान छापून तरी ठेवू."

छपाई सुरू झाली. दोन लेख निघाले, तिसऱ्याला निम्म्यात वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. शुक्रवारी सकाळी वीज होती तर टेलिफोनची लाईन लागेना. मोडेम कर्कश किंचाळे आणि मुकाट होई. मोहनकुमार नंबर फिरवून फिरवून घामाघूम झाला. शेवटी लाईन लागली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"वीस मिनिटं, अक्का!" तो ओरडला. "सांगा कुठले कुठले काढू! आठ-दहा तरी वाचतील. अंबील काढू? बस काढू?"

सकवारबाई खुर्चीत बसल्या आणि की-बोर्ड स्वतःकडं ओढला.

"सरक. मला लिहायचंय."

"सॉरी लिहालाय?" त्याच्या आवाजात आशा होती.

बाई पहिलं अक्षर शोधू लागल्या. एका बोटानं वीस मिनिटांत एकच काम होणार होतं, त्यांना ते पक्कं माहीत होतं. लेख वाचवायचे किंवा लिहायचं. मोहनकुमार मागं उभा राहून एकेक अक्षर उमटताना बघत होता, मध्येच घड्याळाकडं, मध्येच बाईंच्या बोटाकडं.

"मी माफी मागणार नाही. क्षमाचा लेख चुकीचा आहे, क्षमा चुकीची नाही. हे दोन वेगळे आहेत एवढं ज्याला कळत नाही त्यानं मोती वाटू नयेत. मी नाव लिहून, मोजून, कारण देऊन नापसंत केलं. तुम्ही माझ्या आईच्या अंबीलाला नाव न लिहिता काळा दिलात. दोघांत असभ्य कोण ते ठरवा. सोळा जणींनी डाख भरून घेते म्हटलं आहे. त्यांनी आपला व्हॉल्व्ह घेऊन या पत्त्यावर यावं. तेल माझं, कढई माझी."

खाली घराचा पूर्ण पत्ता. बोट शेवटच्या कळीवर पडलं तेव्हा बाराला एक मिनिट कमी होतं.

बारा वाजून सात मिनिटांनी मोहनकुमारनं पान पुन्हा उघडलं. सकवारबाई नावाची कुणी ओसरीवर नव्हती. कारखान्याची बस नव्हती, बाजारातलं भांडण नव्हतं. काल छापलेले दोन लेख आणि तिसऱ्याचा अर्धा टेबलावर पडला होता, त्याच्या शेवटच्या ओळीत बाईंची आई पातेलं उतरवतच होती.

"वाचले असते की अक्का, आठ-दहा," मोहनकुमार रडवेला झाला.

"वाचले असते," बाई म्हणाल्या. डोळे पुसले, लपवले नाहीत. "पण कुणी विचारलं असतं, बाई न बोलता का गेल्या, तर त्या आठ-दहांनी काय सांगितलं असतं?"

शनिवार-रविवारी कुणी आलं नाही. सोमवारी बसवनगुडीहून दोघी जावा आल्या, शुक्रवारी पुसला जायच्या आधी पत्ता उतरवून घेतलेल्या, रुमालात व्हॉल्व्ह गुंडाळून, दारातच भांडत. एकीचं म्हणणं, बाई खोटं बोलते; दुसरीचं म्हणणं, आपल्या सासूचा काटा निघावा म्हणून तू डाख भरून घेतलास. बाईंनी तेल तापवलं. जाताना दोघींनी बाईंकडूनच नवे व्हॉल्व्ह मागून घेतले. रघुजी म्हणाले, "आता दुकान काढ." पण त्या दिवसापासून ते दुपारचे पत्त्यांना जाईनात, कढईपाशी बसून आलेल्यांना पिनांची गोष्ट सांगू लागले. गोष्टीत पिना दीडशेच होत आणि नापास निम्म्या. बाई आतून ओरडत, "दोनशे! सगळ्या!"

आठ दिवसांनी मोहनकुमार धावत आला. "अक्का, चला, चला!"

क्षमाचा लेख अजून होता, पण त्यात उपाय नव्हता. त्या जागी बाईंची हातानं लिहिलेली चिठ्ठी शब्दाला शब्द उतरवलेली होती, वस्तू, तपासणी, दोष, निर्णय, चामराजपेटेचा पत्ता. आणि खाली एक ओळ: "मी स्वतः दोनदा करून पाहिलं. मान्य. क्षमा, मारतहळ्ळी." त्याच्याखाली, लेख सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, लोक व्हॉल्व्हबद्दल बोलत होते. आणि विचारत होते, ह्या सकवारबाई ओसरीवर का दिसत नाहीत? त्यांचं लेखन कुठं गेलं? शिकागोच्या बाईनं तर मोठ्या अक्षरांत विचारलं होतं. उपाय काढल्यामुळं क्षमाचे साडेतीनशे मोती गेले होते. त्या महिन्याचा मिक्सर दुसऱ्याच कुणाला मिळाला.

शेषगिरींचं पत्र दोन दिवसांनी आलं, पूर्वीइतकंच गोड. गैरसमज झाला. काढलेलं लेखन परत आणता येत नाही याचा खेद आहे. आपण नव्या नावानं यावं, स्वागताचे शंभर मोती देऊ. सोबत ओसरीसाठी त्यांनी नवे नियम लिहिले होते, 'मतभेद कसे व्यक्त करावेत', एकूण नऊ. काळा मोती द्यायचा तर नाव आणि कारण लिहावं, हा पहिला. लेखावर बोलावं, लेखकावर नाही, हा दुसरा. नियमांच्या त्या लेखाला सकाळपासून सव्वाशे मोती पडले होते आणि खाली सगळीकडं 'अप्रतिम!'

"बघा अक्का," मोहनकुमार खूश होता. "तुमचंच सगळं घेतलंय. आता शंभर मोती घ्या आणि बसा निवांत."

"शंभर नगंत. रिकाम्या हातानं नाव घाल. तेच नाव, सकवारबाई रघुजी."

नाव घालून झालं. बाईंनी नऊच्या नऊ नियम वाचले, पुन्हा वाचले, चष्मा पुसून चौथा तिसऱ्यांदा वाचला. चौथा होता, 'टीका शक्यतो खासगीत करावी.'

मग त्यांनी शेषगिरींच्या नियमांना काळा मोती दिला.

"अय्यो!" मोहनकुमार डोक्याला हात लावून बसला.

बाई लिहीत होत्या, एका बोटानं. "वस्तू: नियम चौथा. दोष: लेख सगळ्यांनी वाचला, सोळा जणींनी केला. चूक फक्त लिहिणारीला खासगीत सांगितली तर त्या सोळांना कोण सांगणार? आधी तिच्या हातात द्यावी, मग तिथंच लावावी. दोन्ही. निर्णय: नापसंत. बाकी आठ तपासते आहे."

अर्ध्या तासात सेंटरचा फोन वाजला. मोहनकुमारनं उचलला, "हौदु सर, सरी सर," असं कन्नडमध्ये हो-हो करत ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून वळला.

"शेषगिरी सर हाईत. म्हणतात, चौथा बदलतो, काळा काढा."

"बदलल्यावर मोजून बघू म्हणावं," सकवारबाई काचेवरून नजर न काढता म्हणाल्या. "आणि त्यांना म्हणावं फोन ठेवू नका. सातव्यात पण घोळ हाय."